नियम सतरा आणि हवानाचा वाडगा

हवानाला मी कधी गेले नाही. पण तिथे जाणाऱ्याने काय करावं, हे माझ्याइतकं नेमकं सांगणारं सबंध ओसाकात कोणी नाही! भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, अंदाजपंचे काही लिहीत नाही.

आमची ट्रॅव्हल कंपनी छोटी. माझे उमेदवारीचे सहा महिने संपत आलेले. साहेब, मोरी-सान, म्हणाले, "नुपूर-सान, चौदा ज्येष्ठ प्रवासी हवानाला निघालेत. मार्गदर्शिका लिहा. सगळे वेळेवर परतले, की तुम्ही कायम."

मी तेवीस नियम लिहिले. पाणी बाटलीतलंच प्या. सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. दुपारी बारा ते तीन समुद्राच्या कठड्यावर बसू नका, पापड व्हाल. सोळा नियम झाल्यावर आई आठवली. शेजारचं भांडं ती कधी रिकामं परत देत नाही. म्हणून नियम सतरा : ज्या घरी उतराल, तिथल्या मालकिणीने खाऊ दिल्यास भांडं रिकामं परत करू नये. मुदत चोवीस तास.

तिसऱ्या दिवशी अवधूतचा फोन. हा आमचा पुण्याचा सहकारी, गटाबरोबर गेलेला.

"मालकीणबाईंनी वाडगाभर घेवड्याचा भात दिला. आपल्या लोकांनी तांदळाची बिस्किटं भरून परत केला."

"छान!"

"छान काय! बाईंनाही रिकामा ठेववेना. आंबे आले! आता शेजारणीही भांडी पाठवतायत. अकरा झाली!"

"मग द्या काहीतरी."

"नूडल्स गेल्या, ग्रीन टी गेला, पाय गरम ठेवायच्या पट्ट्या गेल्या!"

"हवानात?"

"बाई खूश आहेत!"

निघायच्या दिवशी मी सकाळी ऑफिसात पोचते तोच पुन्हा फोन. तिकडे आदली संध्याकाळ.

"बस दारात आहे, पण कोणी चढत नाही! दहा भांडी फेडली. पहिला वाडगा आत्ताच परत आलाय. केळ्याचे वेफर्स! आणि आमच्याकडे फक्त कपडे उरलेत."

"विमान?"

"तीन तासांत!"

"अरे, सांग त्यांना, नियम सोडून द्या!"

"सांगितलं. गटातल्या ओकादा आजी म्हणतात, छापलेलं आहे."

नोकरी डोळ्यांसमोरून बसशिवायच निघाली! मी ओरडले, "मुदत वाढवते! चोवीस तास खोडा, एक वर्ष लिहा!"

मागून आजींचा शांत आवाज आला. "दुरुस्तीवर साहेबांचा शिक्का लागेल."

मेले! मोरी-सानना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, शिक्का काढला, ठप्! फोटो गेला. चौदा जण, एक वाडगा, बस सुटली.

सोमवारी मोरी-साननी तोच वाडगा माझ्या टेबलावर ठेवला. आत माझं कायम नोकरीचं पत्र! "चौदाही जणांनी पुढच्या वर्षीचं बुकिंग केलंय," ते म्हणाले. "वाडगा परत द्यायला. तोवर तो ऑफिसात राहील."

पत्रावर सही करून दिली. पण साहेबांना वाडगा रिकामा कसा देणार? चिवडा भरून दिला.

आज सकाळी वाडगा पुन्हा माझ्या टेबलावर! आत मोरी-सानच्या बायकोने केलेले मोचीचे गोड गोळे. एका वर्षाची सवलत फक्त हवानाला. मुदतीतले एकोणीस तास उरलेत, आणि घरातला चिवडा संपलाय.

ओसाकात कुणाकडे चकल्या आहेत का हो?