नवरीच्या बापाचे लाल डोळे

"कोणी बोलू नका. कोणी हलूही नका," असं म्हणून श्रीपाद मुळावकर डायनिंग टेबलावर ओणवे झाले. नाक टेबलाला टेकायला आलं होतं. उजव्या हाताच्या बोटांवर कोटाच्या बटणाएवढी, वाटीसारखी खोलगट लेन्स होती आणि तिच्यात काठोकाठ सलाईन भरलं होतं. ते न सांडता, चेहरा जमिनीकडे ठेवून, लेन्स खालून वर नेत डोळ्यात बसवायची होती. आत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, चहा ठेवू का?" मीराताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"हव," म्हणत श्रीपादांनी मान हलवली आणि सलाईन टेबलक्लॉथवर सांडलं.

"काहून बोलली तू? सांगितलं होतं ना मी!"

"मी चहाचंच विचारलं. मान तुम्ही हलवली."

श्रीपाद सिलतऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लोखंडाच्या कारखान्यात माल तपासणीचे साहेब होते. गेली दोन वर्षं त्यांचे डोळे कोरडे पडले होते. वाळू गेल्यासारखे खुपायचे, उजेड सहन व्हायचा नाही, म्हणून चोवीस तास काळा गॉगल. भाच्याच्या मुंजीत गॉगल, मेव्हण्याच्या गृहप्रवेशात गॉगल, देवीच्या आरतीतही गॉगल. एका रिसेप्शनमध्ये तर दोन अनोळखी माणसांनी त्यांना मंत्र्यांचा अंगरक्षक समजून अदबीने वाट करून दिली होती.

आता त्यांच्या मुलीचा, ऋताचा, रविवारी साखरपुडा होता. हिंदी मुलखात वाढलेल्या ऋताला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. तिने एकच मागणी केली होती. "पापा, गहने नहीं चाहिए, कुछ नहीं चाहिए. बस मेरी सगाई में आपका एक फोटो बिना काले चश्मे का."

ही मागणी ऐकून श्रीपादांचं मन भरून आलं होतं. डोळे मात्र भरून आले नाहीत, कारण तेच तर दुखणं होतं.

मग डॉक्टर गंधालीने त्यांना या स्क्लेरल लेन्स दिल्या. बुबुळाला न टेकता ही लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि आतल्या पाण्याने डोळा दिवसभर ओला राहतो. पहिल्याच दिवशी श्रीपादांनी गॉगल काढून खिडकीतून शंकर नगरचा रस्ता पाहिला आणि समोरच्या बंगल्याचा रंग बदलल्याचं त्यांना दोन वर्षांनी कळलं. पण संध्याकाळी लेन्स काढल्यावर डोळ्यात लालभडक गोल उठलेला. घट्ट मोज्याचा पायावर वळ उठतो, तसा.

"गुरुवारी डॉक्टरला दाखवायचंच आहे ना," मीराताई म्हणाल्या.

"दाखवलं की ती म्हणेल, लेन्स घट्ट बसून राहिली, नवीन बनवायला पाठवू. पंधरा दिवस गेले समज. रविवारी काय गॉगल घालून पोरीचा साखरपुडा करू?"

मीराताई विचारात पडल्या. भांडीवाली यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्या आणि पार्लरला जायच्या आधी घरीच चेहरा स्वच्छ करणाऱ्या बाई त्या. त्यांना मार्ग लगेच सुचला. "मग डोळे थोडे नीट करूनच नेऊ की."

डॉक्टरने बजावलं होतं, "काका, गुरुवारी सकाळपासून लेन्स घालूनच या. पाच-सहा तासांनी कशी बसते, तेच तर मला बघायचंय." म्हणजे या दोघांच्या हिशेबाने लेन्स दिवसभर घालायचीच नाही आणि क्लिनिकच्या दारात घालायची, एवढं सोपं होतं. तपासणीच्या दिवशी चांगला माल वर रचून ठेवणारे कितीतरी लोक श्रीपादांनी नोकरीत पकडले होते. ते सगळे कसे मूर्ख होते, हे ते घरी जेवताना खुलवून सांगत. गुरुवारी मात्र ते स्वतः डोळ्यांवर काकडीचे काप ठेवून दुपारभर आडवे पडले.

क्लिनिकसमोर गाडीत बसल्या बसल्या एक लेन्स डोळ्यात नीट बसली. दुसरीसाठी मान खाली घातली, तेव्हा कपाळ हॉर्नवर टेकलं. लेन्स डोळ्याला लागलेली, बोट हलवता येईना, मान उचलता येईना. हॉर्न वाजतच राहिला. शेजारी मीराताई बसल्या होत्या, पण त्यांना बोलायची बंदी होती.

क्लिनिकचा गार्ड धावत आला. "दीदी, अंकल को क्या हो गया?"

मीराताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"दीदी, कुछ तो बोलिए! सदमा लग गया क्या इनको?" गार्डने आत पाहून आरोळी ठोकली, "व्हीलचेअर लाओ रे!"

"बुडबुडा नाही!" श्रीपाद आनंदाने ओरडत ताठ बसले, तेव्हा गार्ड दोन पावलं मागे सरला. तरी व्हीलचेअर आलीच होती. एवढ्या लोकांची धावपळ वाया जायला नको, म्हणून श्रीपाद तीत बसून आत गेले.

"सकाळपासून घातल्या आहेत ना, काका?" डॉक्टर गंधालीने विचारलं.

"हव," श्रीपाद छताकडे पाहत म्हणाले.

तिने यंत्रातून बराच वेळ पाहिलं. "कमाल आहे. मला तर वाटलं होतं, कडा थोडी बदलावी लागेल. पण काहीच लाली नाही. रविवारी बिनधास्त दिवसभर घाला."

घरी येताना नवराबायकोने वाटेत रसमलाई खाल्ली.

रविवारी श्रीपादांनी पहाटेच लेन्स घातल्या. हॉलमध्ये पाहुण्यांचं स्वागत केलं, प्रत्येकाचा चेहरा ओळखला, गॉगल नाही म्हणून दहा जणांनी कौतुक केलं. दुपार होईतो मात्र डोळे चुरचुरायला लागले आणि बुबुळाभोवती जास्वंद फुलली.

व्याही यशवंतराव हे बिलासपूरचे निवृत्त रेल्वे अधिकारी. बोलायचे कमी, खाकरायचे जास्त. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी श्रीपादांकडे पाहिलं आणि नवऱ्याला कोपर मारलं. "पाहा हो, सकाळपासून रडून राहिले बिचारे. केवढा जीव आहे पोरीवर!"

ही बातमी हॉलभर फिरली. ऋताच्या मावश्या डोळे पुसायला लागल्या. पोरीच्या बापाला एकटं रडू द्यायचं बरं दिसत नाही, म्हणून काकाही सामील झाले. साखरेचा पुडा हातात घेतलेले यशवंतराव उठले आणि तीनदा खाकरले.

"श्रीपादराव, मले पोरगी नाही. पण बापाचं काळीज समजते मले. या डिसेंबरात लग्न नको. अजून एक वर्ष पोरीले तुमच्यापाशी राहू द्या. पुढच्या डिसेंबरले पाहू."

टाळ्या पडल्या. ऋता आणि नवरदेव सौमित्र मात्र पांढरे पडले. हा डिसेंबर मिळवायला दोघांनी दोन्ही घरांत केवढी डोकेफोड केली होती! ऋता बापाच्या कानाशी लागली. "पापा, कुछ बोलिए. अभी के अभी."

"यशवंतराव," श्रीपाद घाईघाईने म्हणाले, "मी रडलो नाही हो."

"बाप असंच म्हणते."

"खरंच नाही! मले रडताच येत नाही. दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांत पाणीच येत नाही."

"अगं बाई!" कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला. "किती सोसलं असन हो, पाणीसुद्धा आटलं!"

मावश्या मोठ्याने हुंदके देऊ लागल्या. आता पुरावाच दाखवायचा, असं ठरवून श्रीपादांनी हात धुतले, खिशातून लेन्स काढायची रबराची इवलीशी नळी काढली, डोळ्याला लावली आणि लेन्स ओढली. आतलं सगळं सलाईन गालावरून मिशीत उतरलं.

"पाहा! रडले!" कोणीतरी ओरडलं. गुरुजींनीही उपरण्याने नाक पुसलं.

शेवटी मीराताईंनीच डॉक्टर गंधालीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन सगळ्यांसमोर धरला. "डॉक्टर, तुम्हीच सांगा या लोकांना. हे रडले नाहीत ना?"

"नाही हो, ही लेन्सची लाली आहे. काका, डोळा जवळ आणा. अरे बापरे, चांगलीच घट्ट झालीय. कधी घातली?"

"पहाटे."

"पण गुरुवारी पण सकाळपासूनच होती ना? तेव्हा तर डोळा एकदम पांढरा होता."

श्रीपादांनी मीराताईंकडे पाहिलं. मीराताईंनी फुलांच्या तोरणाकडे पाहिलं.

"गुरुवारी... तुमच्या दारातच घातली होती," श्रीपाद पुटपुटले. "लाली दिसली की तुम्ही लेन्स परत पाठवाल, अन् आज मले गॉगल घालावा लागन, म्हणून."

"काका!" डॉक्टर हसावं की रागवावं अशा आवाजात म्हणाली. "माझ्याकडे ट्रायलच्या डबाभर जोड्या पडल्या आहेत. लाली दाखवली असती, तर त्यातली सैल बसणारी जोडी मी तिथल्या तिथे दिली असती. आजचा दिवस आरामात निघाला असता. आता दुसरीही काढा आणि उद्या या. खरेखुरे डोळे घेऊन या."

फोन बंद झाला. श्रीपादांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. व्याह्यांसमोर, जावयासमोर आणि सगळ्यात जास्त पोरीसमोर. त्यांनी मान खाली घातली. यशवंतराव खाकरले.

"डॉक्टरले फसवलं म्हणता?"

"हव."

"यात काय एवढं!" कुसुमताई मध्येच बोलल्या. "आमचे हे पण शुगर तपासायची असली की..."

"कुसुम!"

"सांगू द्या की. तीन दिवस आधीपासून नुसता दुधीचा रस पितात. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी जिलेबी!"

यशवंतरावांचा चेहरा आधी ताठ झाला, मग हळूहळू सैलावला, आणि मग ते पोट धरून हसायला लागले. बिलासपूरच्या पाहुण्यांनी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "श्रीपादराव, आता खरी सोयरीक जमली! लग्न याच डिसेंबरात."

सौमित्रने हळूच सुटकेचा श्वास टाकला. ऋताने बापाला मिठीच मारली.

आता फोटो. लेन्स नाही, उजेडाने डोळे झोंबत होते. मीराताईंनी पर्समधून गॉगल काढला. श्रीपादांनी तो बाजूला सारला. "दोन मिनिटं सोसतो मी. पोरीचा फोटो होऊ दे."

फोटोग्राफर कॅमेऱ्यात पाहून वैतागला. "सर, रो-रो के सबकी आँखें लाल हैं. कोई बात नहीं, एडिटिंग में सबकी सफेद कर दूँगा."

"सबकी करो, मेरी मत करना!" श्रीपाद दचकून ओरडले. "मेरी आँखें डॉक्टर को दिखानी हैं!"

तो फोटो आता शंकर नगरच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. सगळे पाहुणे दुधासारख्या डोळ्यांनी हसताहेत आणि मध्ये नवरीचा बाप, गॉगल नाही, डोळे लालबुंद. नवीन माणूस आला की विचारतोच, "खूप रडले का हो हे?"

"हव ना," मीराताई म्हणतात, "लई जीव आहे यांचा पोरीवर."

श्रीपाद आताशा खुलासा करत बसत नाहीत. एवढं तर खरंच आहे, असं त्यांना वाटतं.