भावोजींच्या विमानाची काच

काच बसवावी तर जयाने, असं आमच्या मरोळच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे मुख्यतः मीच. विजेच्या मीटरच्या डबीवर काच बसवायचं माझं काम. दिवसाला दोनशे डब्या, आणि एका काचेवर बोटाचा ठसा सापडला तर दाखवा. म्हणून शहाऐंशी सालच्या मे महिन्यात, मी आठवडाभर रजेवर असताना, भावोजी विमान घेऊन माझ्यापुढे उभे राहिले, तेव्हा मी पदराला हात पुसून म्हटलं, "द्या इकडे. दहा मिनिटांचं काम."

भावोजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, बळवंत. गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तसे मुलुंडला आमच्याकडे राहायला आले. एकटा जीव, दिवस जाता जात नसे. मग बोटीवर नोकरीला असलेल्या त्यांच्या दोस्ताने, धोंडिरामने, परदेशातून रेडिओवर उडणाऱ्या विमानाचं सामान आणलं. ठरलं असं की भावोजींनी विमान जोडायचं आणि धोंडिरामने उडवायचं. आठ महिने आमच्या गॅलरीत पापडासारख्या पातळ लाकडाची कापाकापी चालली होती. मध्ये भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला, तरी काम थांबलं नाही. शेवटी एकच गोष्ट उरली, पायलटच्या डोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण. भावोजी त्याला कॅनॉपी म्हणत, मी आपली काच. जाड भिंगातून जवळचं बघताना त्यांना तिची कड हलल्यासारखी दिसे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. चहासुद्धा मागत नसत, नुसते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसत.

"सुताराचा पांढरा गोंद लाव," ते म्हणाले. "कडेला दोऱ्याएवढा. मग चिकटपट्टीने बांध आणि उद्यापर्यंत हात लावू नकोस. रविवारी उडवायचंय."

उद्यापर्यंत कोण थांबणार? ह्यांच्या मित्राने दुबईहून आणलेली, क्षणात चिकटवणाऱ्या गोंदाची ट्यूब कपाटात पडून होती. भावोजी भाजी आणायला गेले. मी कडेने दोऱ्याएवढाच गोंद फिरवला, काच दाबली, वीस आकडे मोजले. अशी बसली, जशी काही विमानाबरोबरच जन्माला आलीय. मी खुशीत कुकर लावायला गेले.

परत येऊन बघते तर काच पांढरी. आधी वाटलं, कुकरची वाफ असेल. पदराने पुसली, जाईना. ओल्या फडक्याने पुसली, जाईना. मग लक्षात आलं की पांढरं आतून आहे. त्या गोंदाची वाफ आत कोंडून प्लास्टिकवर बसली होती. भावोजींनी रंगवलेला मिशाळ पायलट पिठाच्या चक्कीत नोकरीला लागल्यासारखा दिसत होता. आणि तेव्हा मला आठवलं की कारखान्यात आम्ही काच रबराच्या रिंगेवर ठेवून स्क्रूने बसवतो. गोंद मी जन्मात वापरलेला नव्हता.

तेवढ्यात भावोजी आले. हातात पिशवी तशीच. विमान उचलून उजेडात धरलं, चष्मा काढून पुसला, परत लावला.

"जया, आत पांढरं दिसतंय का गं?"

आत्ता सांगायचं होतं. तोंडातून वेगळंच निघालं.

"नाही भावोजी. मला तर स्वच्छ दिसतंय."

"पायलटच्या मिशा दिसतात?"

"दिसतात की."

"दोन्ही बाजूंच्या?"

"दोन्ही."

त्यांनी विमान हळूच खाली ठेवलं. पिशवी ओट्यावर ठेवायला गेले ती कडेवरच टेकवली, आणि चार टोमॅटो माझ्या पायाशी येऊन पडले.

संध्याकाळी हे आले. मी त्यांना मोरीत ओढून सगळं सांगितलं.

"वाट लागली," हे म्हणाले. "जा, सांगून टाक."

"सांगते. आधी त्यांना दोन घास खाऊ दे."

बाहेरून हाक आली, "विद्याधर, बघ रे जरा. कॅनॉपी कशी दिसते?"

ह्यांनी विमानाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "झकास आहे दादा."

भावोजींनी शेवटचा प्रयत्न म्हणून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "माका विमानच धड दिसणा नाय, आतला काय सांगू?"

"माझं पण तसंच होत चाललंय, आई," भावोजी म्हणाले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचत बसले. दुपारपर्यंत त्यांना गुरुवार पुसट दिसायला लागला, चारपर्यंत पूर्ण आठवडा. भिंतीला हात लावून चालू लागले. आता सांगावं म्हणून मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि तीनदा चहा ठेवून परत आले. संध्याकाळी बघते तर पलंगाखालची ट्रंक बाहेर.

"मी गावी जातो," ते म्हणाले. "डोळे गेले तर तुम्हा दोघांना कशाला त्रास? आईचं तुम्हीच करता. विमान धोंडिरामला द्या. जया, तेवढे शर्ट घडी करून दे."

मी शर्टांच्या घड्या केल्या. एका शर्टाची घडी चार वेळा घातली. हे म्हणाले, "दादा, जायच्या आधी डॉक्टरांना तर दाखवू." मला हायसं वाटलं. डॉक्टर सांगतील डोळे चांगले आहेत, आणि मी सुटेन.

शनिवारी हे ऑफिसात, म्हणून घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे भावोजींना घेऊन मीच गेले. बरोबर चादरीत गुंडाळलेलं विमान. नको म्हटलं तर ऐकेनात. बाईंनी दोन्ही डोळे तपासले, फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली.

"डोळे उत्तम आहेत."

"मग मला ह्याच्यात धुकं का दिसतं?" भावोजींनी टेबलावर चादर सोडली. "हिला स्वच्छ दिसतं. माझ्या भावालाही स्वच्छ दिसतं."

बाईंनी वाकून बघितलं. स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाल्या, "तुम्हाला ह्यात सगळं स्वच्छ दिसतं? बसा बरं त्या खुर्चीवर. हनुवटी इथे टेकवा."

मी हनुवटी टेकवली. त्यांनी डोळ्यात बॅटरी मारली. "हे कधीपासून होतंय? घरी अजून कुणाला आहे? मिस्टरांनाही घेऊन या." त्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. भावोजी मागून काळजीने म्हणाले, "अगं, तुला त्रास होतोय हे बोलली नाहीस कधी. कारखान्यातलं बारीक काम, दुसरं काय."

तिथे माझा धीर सुटला. हनुवटी तशीच टेकलेली, समोर फक्त बाईंच्या बॅटरीचा उजेड.

"भावोजी, काच पांढरी झालीय. मी दुसरा गोंद लावला. मला पण पांढरंच दिसतं."

बाहेर कंपाउंडर कुणाचा तरी नंबर पुकारत होता.

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?" भावोजींनी विचारलं.

"मघाशी सांगितलं की," बाई म्हणाल्या.

भावोजी स्टुलावर बसले. चष्मा काढून रुमालाने डोळे पुसले. "दोन दिवस मी डोळे मिटून मोरीपर्यंत जायची सवय करत होतो, जया," ते म्हणाले. "परवापासून तीनदा बादलीला धडकलोय."

घरी येऊन त्यांनी काचेला बाहेरून निळा रंग दिला. पायलट आत गेला तो गेलाच. रविवारी मैदानावर धोंडिरामने विमान उडवलं आणि ते बघता बघता साळुंकीएवढं झालं. खालून फक्त पोट दिसत होतं. काच आहे की नाही, हेसुद्धा कुणाला कळलं नसतं. भावोजी मान वर करून बघत राहिले. मला एका शब्दाने रागावले नाहीत, अजूनही रागावत नाहीत.

फक्त दुपारी विचारतात, "जया, किती वाजले?" मी म्हणते, "साडेचार." मग ते उठतात, आतल्या खोलीत जाऊन घड्याळ बघून येतात आणि म्हणतात, "बरोबर सांगितलंस."