आवाज येऊन राहिला का?

आमचे लोंढे सर समोर बसलेल्या माणसालाही बोलण्याआधी विचारतात, "आवाज येऊन राहिला का?" ऑनलाइन वर्गांच्या काळात लागलेली ही सवय. वर्ग केव्हाच खोलीत परत आले, सवय गेली नाही. आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात वांगी घेताना त्यांनी भाजीवालीलाही हेच विचारलं.

"बहिरी न्हाई मी," ती म्हणाली. "वांगी घ्यायची का बोलतच बसायचं?"

सर कॉलेजात इंग्रजी शिकवतात, मी मराठी. म्हणजे पोरं ज्या विषयाला घाबरतात तो त्यांच्याकडे, आणि ज्याची फिकीर करत नाहीत तो माझ्याकडे.

मध्यंतरी कॉलेजात डिजिटल फळा आला. प्राचार्यांनी नारळ फोडला, थेट फळ्यालाच हळदीकुंकू लावलं आणि जागतिक दर्जाच्या शिक्षणावर वीज जाईपर्यंत बोलले. हळद आमच्याच जिल्ह्यातली, पक्की निघाली. तेव्हापासून त्या फळ्यावर इंग्लंडचा नकाशा लावला की त्याच्या अंगाला हळद लागलेली दिसते. सरांनी फळ्याला लांबूनच नमस्कार केला आणि शिकवणं पोरांच्या मोबाइलवर नेलं. रोज संध्याकाळी घरात जे चाललं असेल ते इंग्रजीत बोलायचं आणि तो आवाज सरांना पाठवायचा.

"वर्गात पोरी तोंड उघडत न्हाईत," ते म्हणाले. "घरी तर बोलतात ना? मग इंग्रजीच घरी नेऊन ठेवू."

अडचण 'राहिला'ची झाली. आमच्याकडे माणूस जेवत नसतो, जेवून राहिलेला असतो. पोरांनी ते राहणंही इमानदारीने इंग्रजीत नेलं. 'माय फादर इज स्लीपिंग अँड स्टेइंग.' 'बफेलो इज ईटिंग अँड स्टेइंग.'

मी हसलो. सर गंभीर.

"काहून हसता सर? चालू वर्तमानकाळ पक्का आहे लेकरांचा. फक्त 'स्टेइंग'चं शेपूट कापायचं."

आणि ते एकेकाला उत्तर पाठवून शेपूट कापत बसायचे.

तांड्यावरच्या सुनीताचं शेपूट कापायची वेळच येत नव्हती. तिच्या निरोपात एक शेळी ओरडायची आणि मग शांतता. तोंडी परीक्षेत नापास झाली तर कॉलेज बंद, असं तिच्या घरी ठरलं होतं. सर तिला न चुकता उत्तर द्यायचे, "शेळी छान बोलली. आता तुझा नंबर."

तोंडी परीक्षा व्हिडिओवर झाली, पोरं आपापल्या घरून. बाहेरचे परीक्षक मोठ्या शहरातले, घरातल्या घरात कोट घालून बसलेले. सरांना मधे बोलायची मनाई होती. त्यांचा माइक बंद, आणि मी शेजारी. परीक्षकांनी सुनीताला इंग्रजीत विचारलं, आत्ता तुझ्या आजूबाजूला काय चाललं आहे?

इकडे सर बंद माइकसमोर ओठ हलवत होते.

शेवटी ती म्हणाली, "माय मदर इज क्लीनिंग राइस अँड स्टेइंग."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. "स्टेइंग व्हेअर?"

सुनीताने बाजूला पाहिलं. "हिअर. विथ मी. शी इज अफ्रेड. आय अ‍ॅम ऑल्सो अफ्रेड."

परीक्षक पहिल्यांदाच हसले आणि त्यांनी तिला पास केलं. सर माझ्याकडे वळले. "बघा. बरं झालं, शेपूट कापलं न्हाई."

संध्याकाळी मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनी गेल्यापासून सर एकटेच राहतात. मोबाइल समोर ठेवून बसले होते.

"परीक्षा संपली," ते म्हणाले. "आता कशाला पाठवतील लेकरं? आज एकाचाबी आवाज न्हाई."

मी पेढ्यांचा पुडा सोडत होतो तेवढ्यात मोबाइल वाजला. सुनीता होती. मागे भांड्यांचा आवाज. "सर, आय अ‍ॅम ईटिंग. यू आर ईटिंग?"

सरांनी घाईने बटण दाबलं. "यस, आय अ‍ॅम..." आणि थांबले. रेकॉर्ड झालेलं पुसून टाकलं.

"काय झालं? वाक्य तर बरोबर होतं."

"वाक्य बराबर आहे हो. पण गॅस अजून पेटवलाच न्हाई मी. लेकराला खोटं उदाहरण कसं द्यावं?"

ते उठले. डब्यातून मूठभर तांदूळ काढला, माझ्याकडे पाहून आणखी मूठभर घेतला, आणि गॅस पेटवला.