रेडा खिंडीत बसला त्याची गोष्ट

तर बाळांनो, एका जंगलात, म्हणजे ज्यात अजून थोडी झाडं शिल्लक होती अशा एका जंगलात, झुंबर नावाचा एक सुगरण पक्षी राहत होता. सुगरण म्हटलं म्हणून बाई समजू नका. या मंडळींत घर पुरुष बांधतो आणि बायका त्याला नावं ठेवतात.

त्यांची एक रीत आहे. नर घर विणत आणतो आणि फांदीला टांगतो. मग मादी ते पाहायला येते. आत शिरते, चोचीने ओढून पाहते, बसून पाहते. पसंत पडलं तर संसार. नाही पडलं तर भुर्रकन उडून जाते. झुंबरचं घर मागची दोन्ही वर्षं नापसंत झालं होतं. यंदा केतकी नावाची सुगरण “पुनवेला येते हं पाहायला” असं सांगून गेली होती. तेव्हापासून झुंबरला अन्न गोड लागत नव्हतं.

आता गवताचं सांगतो. पूर्वी हे पक्षी आपापल्या झाडाखालचंच गवत चिरून आणत. पण जंगल सुधारलं आणि खालचं गवत गावठी ठरलं. खिंडीपलीकडचं गवत लांब होतं, मऊ होतं, आणि मुख्य म्हणजे पलीकडचं होतं. ते रेड्यांच्या पाठीवरून यायचं आणि खारूशेठच्या ढोलीतल्या दुकानात विकलं जायचं. सगळ्यांचं छान चाललं होतं.

एके दिवशी सगळ्यांत पुढचा रेडा खिंडीत बसला.

त्याला काही झालं नव्हतं. दमला होता, रवंथ करावंसं वाटलं, बसला. पण खिंड अरुंद आणि रेडा रुंद. मागचे सगळे रेडे खोळंबले.

कावळ्याने ते पाहिलं आणि जंगलात येऊन ओरडला, “खिंडीत रेडा बसला!” हे खरं होतं, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुपारी तो ओरडला, “गवत यायचं नाही!” तेव्हा चार माना वर झाल्या. संध्याकाळी त्याने सांगितलं, “गवत संपलं!” मग मात्र सगळं जंगल धावत सुटलं.

झुंबरही धावला. खरं तर त्याचं घर होत आलं होतं. दाराशी चार काड्या कमी पडत होत्या, एवढंच.

“शेठ, चार काड्या द्या.”

“नशीबवान आहात,” खारूशेठ म्हणाला. “शेवटचा भारा राहिलाय.”

“भाव काय?”

“ते तेवढं विचारू नका, झुंबरराव. सांगताना माझीच जीभ अडखळते.”

पण जीभ अडखळली नाही. कालपर्यंत एका दाण्याला चोचभर काड्या मिळत. आज चोचभर दाण्यांना एक काडी होती.

“इतकं महाग?”

“माझ्या हातात काय आहे? वरूनच महाग येतंय.”

“पण वरून तर काहीच येत नाहीये!”

“म्हणून तर!” खारूशेठ म्हणाला.

झुंबरने मागे वळून पाहिलं. रांग ओढ्यापर्यंत गेली होती. रांगेत एक घोरपडही होती.

“घोरपडताई, तुम्हाला गवत कशाला?”

“मला कुठे ठाऊक? सगळे घेताहेत ना!” ती म्हणाली.

घोरपडीलासुद्धा गवत लागतंय म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्याने साठवलेले सगळे दाणे ओतले आणि अख्खा भारा उचलला. ठेवायचा कुठे? घरात. दुसऱ्या दिवशी शेठकडे आणखी एक शेवटचा भारा निघाला. झुंबरने तोही उधारीवर आणला आणि आत कोंबला. झाडावरच्या जाग्या असलेल्या सगळ्या सुगरणांनी हेच केलं.

रेडा केव्हाच उठला होता. रवंथ झालं, माश्या चावल्या, उठला. गवत पुन्हा येऊ लागलं. भाव मात्र तसाच राहिला.

“अहो शेठ, रेडा उठला ना आता?”

“उठला. पण पुन्हा बसला तर?”

अखेर टंचाईचं कारण शोधायला वनसभा भरली. रेडा म्हणाला, “मी जरा टेकलो होतो.” कावळा म्हणाला, “मी नुसतं सांगितलं.” खारूशेठ म्हणाला, “मी नुसतं विकलं.” झुंबर म्हणाला, “मी तर बिचारा गिऱ्हाईक!” शेवटी अध्यक्ष घुबड डोळे न उघडता म्हणाले, “कारण जागतिक आहे.” सगळ्यांना हायसं वाटलं. जागतिक म्हणजे आपल्यापैकी कुणी नाही.

पुनवेच्या सकाळी केतकी आली. झुंबरने पिसं नीट केली. केतकीने वीण पाहिली. वीण सुरेख होती. खरं सांगायचं तर झुंबरही तिला आवडला होता. ती आत शिरायला गेली आणि दारातच अडकली.

“अगं बाई! आत भरलंय काय?”

“गवत!” झुंबर छाती फुगवून म्हणाला. “एवढं गवत या झाडावर कुणाकडे नाही.”

“आणि मी बसू कुठे? अंडी घालू कुठे?”

“थोडं थांबा ना. भाव अजून चढणार आहे. मग विकू. मग जागाच जागा!”

केतकी दारातून मागे निघाली. तिला वाईट वाटलं.

“मग भावच उबवत बसा,” ती म्हणाली आणि उडाली.

ती थेट पलीकडच्या फांदीवर गेली. तिथे बन्सी नावाचा एक आळशी सुगरण होता. टंचाई आली तेव्हा तो झोपला होता, आणि वनसभा भरली तेव्हाही. जाग आल्यावर तो खाली उतरला, झाडाखालचंच गवत चिरलं आणि घाईघाईने घर विणलं. घर वाकडं झालं होतं. केतकीने आत डोकावलं. आत काहीच नव्हतं.

“वा, ऐसपैस आहे!” ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

झुंबर खूप रडला. सगळ्या जंगलाला त्याची दया आली. टंचाईचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला नाही, म्हणून त्याला टंचाई निवारण समितीचा अध्यक्ष केलं. गळ्यात गवताचा हार घातला. हाराचं बिल खारूशेठने समितीला पाठवलं.

तात्पर्य: संकटकाळात जागं राहणाऱ्याला पद मिळतं आणि झोपून राहणाऱ्याला संसार. म्हणून बाळांनो, अमुक संपलं, तमुक संपलं असं कुणी ओरडलं, तर कूस बदलून पुन्हा झोपा. आणि झोप येतच नसेल, तर दुकान काढा.