जावयाच्या गाडीची दृष्ट

विठ्ठलरावांच्या हातून आजवर एकही यंत्र बिघडलं नव्हतं. उभी हयात एसटीचं चाक धरलं, पण गाडीनं कधी मान टाकली नाही. नेकनूरच्या घरी मात्र कधी मोटर बंद पडायची, कधी स्कूटर अडायची. तो दृष्टीचा प्रकार. त्यांची बायको छबुबाई मीठ-मिरची ओवाळायच्या, जे जे फिरतं ते सगळं एकदा फिरवायला लावायच्या, अगदी स्कूटरचा पेट्रोल चालू-बंद करायचा कॉकसुद्धा, आणि स्कूटर एका किकेत सुरू! चांगलं यंत्र लोकांच्या डोळ्यांत सलतं, असं विठ्ठलराव पारावर छातीठोक सांगायचे.

असा हा माणूस त्या दिवशी थोरल्या जावयाच्या, रामप्रसादांच्या, नव्या कोऱ्या गाडीत तोंडाला कुलूप लावून बसला होता. कारण मागची दिवाळी. "गिअर जरा आधी बदला," एवढंच ते बोलले होते, तर रामप्रसाद पुरणपोळीला हात न लावता उठले. पुण्यात नोकरी, वरून जावई. रुसायला आणखी काय लागतं? छबुबाईंनी नवऱ्याला शपथच घातली. जावयाच्या गाडीत बसायचं, पण गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

निघाले होते परळीला. धाकट्या तेजश्रीला तिथून हैदराबादची रेल्वे धरायची होती. दुसऱ्या दिवशी तिची मोठ्या दवाखान्यात नर्सच्या नोकरीची मुलाखत. ही गाडी हुकली की मुलाखत गेली. पोरगी मागच्या सीटवर पुस्तकात डोकं घालून बसली होती आणि दर दोन पानांनी घड्याळ बघत होती.

"तेजू, काळजी करू नको," रामप्रसाद निघतानाच म्हणाले होते. "गाडीला काय होतंय, हे मला नुसत्या वासावरून कळतं."

नवीन गाडी म्हटल्यावर दारातच पूजा झाली. छबुबाईंनी आत वाकून हळदीकुंकवाचं बोट लावलं ते नेमकं काट्यांच्या काचेवर, ब्रेकचा लाल दिवा लागतो तिथंच. चाकाखाली लिंबू ठेवेपर्यंत जावयांनी गाडी उतारावर थांबवली, हँडब्रेक जरासा ओढला, आणि लिंबू चिरडल्याच्या आनंदात तो खाली करायचा विसरले. गाडी मधूनमधून टुंटुं करायची, तर त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

केज मागं पडलं आणि जळका वास सुटला.

रामप्रसादांनी नाक वर केलं आणि निदान केलं, वीटभट्टी. भट्टी मागं गेली, वास काही जाईना. मग म्हणाले, साखर कारखान्याची मळी. तिसऱ्या खेपेला त्यांचा संशय सासूबाईंच्या डब्यावर गेला. धपाटे तव्यावर करपले असणार. धपाटे लोण्यासारखे मऊ होते, पण जावयाच्या शब्दापुढं कोण बोलणार? "व्हय, लागले असत्याल थोडे," म्हणत छबुबाईंनी ते रस्त्याच्या कडेला कुत्र्यापुढं टाकले. कुत्र्यानं वाससुद्धा न घेता फडशा पाडला.

वास वाढला. गाडी चिखलात रुतलेल्या बैलागत ओढायला लागली. रामप्रसादांनी बॉनेट उघडलं आणि सगळ्यांचं प्यायचं पाणी काच पुसायच्या टाकीत ओतलं.

पुढच्या सीटवर विठ्ठलरावांना घाम फुटला. त्यांना पहिल्या झुळकेलाच कळलं होतं, ब्रेक घासतोय. हँडब्रेकचा दांडा तर त्यांच्या मांडीशी होता. गाडी पुन्हा निघाल्यावर न राहवून त्यांचा हात तिकडं सरकला.

"मामा, हात तिकडं नको. कव्हर नवीन आहे."

विठ्ठलरावांनी हात मांडीखाली दाबून धरला. मागं तेजश्रीनं पुस्तक मिटलं होतं. "आई, रेल्वे गाठू का गं आपण?" एवढंच म्हणाली आणि तिनं पुन्हा घड्याळ बघितलं.  जाऊ दे ती शपथ, रुसला जावई तर रुसला, म्हणून विठ्ठलरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून छबुबाई बोलल्या. नवऱ्याचा हात कुठं गेलता, ते त्यांनी बरोबर बघितलं होतं.

"जावईबापू, वाईच थांबा. गाडीला दृष्ट लागली हाय. कावून लागणार न्हाई, एवढी देखणी गाडी!"

गाडीचं कौतुक ऐकून रामप्रसाद लगेच थांबले. छबुबाईंनी पिशवीतलं मीठ आणि दोन मिरच्या मुठीत घेतल्या. "दृष्ट काढताना गाडीत काई वर ठिवू नये. काचा खाली घ्या. त्यो समोरचा उन्हाचा पडदा खाली. आन् हा दांडा बी पार खाली."

रामप्रसादांनी भक्तिभावानं सगळं खाली केलं. खट्ट असा आवाज झाला. विठ्ठलरावांना तो देवळातल्या घंटेपेक्षा गोड लागला. छबुबाईंनी गाडीवरून मूठ उतरवली आणि दृष्ट निवायला जरा वेळ लागतो म्हणून सगळ्यांना खाली उतरवून उभं केलं. मग निघाले, तर गाडी पाण्यासारखी पळाली. वास हळूहळू विरला.

तेजश्री रेल्वेत चढली. रेल्वे हलली तरी हात हलवत होती.

"मामी, मला वासावरून दृष्टीचाच संशय आलता," म्हणत रामप्रसाद चहा आणायला गेले.

विठ्ठलराव बायकोकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांत तिच्यावरून जीव ओवाळून टाकावा असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं, आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पोरीची मुलाखत वाचली, जावयाचा मान वाचला. "लई भारी डोकं चालवलं बग. एवढ्या घाईत सुचलं कसं तुला?"

"आत्ता कुठं सुचलं?" छबुबाई पदर सावरत म्हणाल्या. "तुमच्या स्कूटरच्या टायमाला सुचलं हुतं."

विठ्ठलराव खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांना तो पेट्रोलचा कॉक आठवला, आणि तो बंद करून विसरायचं कोण, तेही.

परतीच्या वाटेवर ते पुन्हा गप्प बसले. या वेळी शपथ घालावी लागली नाही.