पाहुण्याकडे दुर्लक्ष

पाहुण्याकडे बघायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम होता. पाहुणा म्हणजे कुत्रा. रस्त्यावरून सोडवून आणलेला, माणसांना घाबरणारा, आणि कायमचं घर मिळेपर्यंत विज्ञानशिक्षिकेकडे मुक्कामाला आलेला. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या बाईंनी बजावलं होतं, "लाड नको, हाक नको, नजरेला नजर नको. जाता-येता बिस्किटाचा तुकडा टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं. तो आपणहून येईल."

शिक्षिकेने ही पद्धत प्रयोगशाळेतल्या शिस्तीने राबवली. नवरा कपाटाकडे तोंड करून चहा प्यायचा. सासूबाई भिंतीकडे बघत बाहेरच्या खोलीत यायच्या.

"लग्न होऊन आले तेव्हा माझ्याकडेही या घरात असंच दुर्लक्ष झालं होतं," त्या म्हणायच्या. "फक्त मला कुणी बिस्कीट टाकलं नाही."

अडचण एकच होती. तळमजल्यावर एकटे राहणाऱ्या काकांना इमारतीत कुत्रा खपत नव्हता. तक्रार करणारे तेवढे एकटेच; पण त्यांनी समितीला असं भंडावलं, की समितीने रविवारपर्यंतची मुदत देऊन टाकली. तोवर घर मिळालं नाही तर पाहुणा परत पिंजऱ्यात जाणार होता, आणि पिंजऱ्यात तो अन्नाला तोंड लावत नसे.

रविवारी एक दंतवैद्य त्याला बघायला आले. म्हणजे न बघायला आले.

"दार हळूच लोटा," शिक्षिका दबक्या आवाजात म्हणाली. "कडीच्या आवाजाला तो दचकतो."

दंतवैद्यांनी दार इतक्या हळूच लोटलं, की ते लागलंच नाही. मग चौघं चार भिंतींकडे तोंड करून बसली.

"शांत आहे हो," बऱ्याच वेळाने दंतवैद्य भिंतीला म्हणाले.

"खूप सुधारलाय," नवरा खिडकीला म्हणाला.

"माझ्या खुर्चीत कुणी इतकं गप्प बसत नाही. मला पसंत आहे."

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "बिस्कीट तसंच पडलंय गं."

शिक्षिकेने नियम मोडून मागे पाहिलं. अर्धा तास चौघांनी नसलेल्या कुत्र्याकडे मन लावून दुर्लक्ष केलं होतं.

हाक मारली तर तो आणखी लांब पळणार. म्हणून चौघं आभाळाकडे बघत, बिस्किटं टाकत रस्त्याने निघाली. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानाच्या पायरीवर आला.

"काय हरवलंय?"

"कुत्रा," नवरा म्हणाला.

"मग वर काय बघताय?"

"त्याच्याकडे बघायचं नसतं."

न्हाव्याने चौघांना एकदा नीट न्याहाळलं आणि तो मुकाट्याने गिऱ्हाइकाकडे वळला.

बिस्किटं कावळ्यांनी खाल्ली. हात हलवत परतताना तळमजल्यावरचं दार उघडं दिसलं. काका आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते आणि त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पाहुणा घोरत होता.

"काका, हा इथे कधी आला?"

"कोण?" काकांनी पान उलटलं. "कुत्र्यांशी माझं काही देणंघेणं नाही. मी बघितलंसुद्धा नाही."

शिक्षिकेला ते शास्त्रीयदृष्ट्या पटलं. वरच्या मजल्यावर दुर्लक्षाचा नुसता सराव चालला होता. काकांचं दुर्लक्ष अस्सल होतं. तिने वाकून पाहुण्याच्या पट्ट्याकडे हात नेला.

"न्या, न्या," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले. "आणि तिथे धरू नका. डावा कान दुखतो त्याचा."

शिक्षिकेने हात मागे घेतला. काकांनी पान पुन्हा उलटलं.

"हा पेशंट माझा नव्हे," दंतवैद्य पुटपुटले आणि चपला न वाजवता निघून गेले.

सासूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शिक्षिकेने त्यांचा हात दाबला, बिस्किटांचा उरलेला पुडा काकांच्या उंबऱ्याच्या आत ठेवला, दार हळूच लोटलं आणि दोघांना घेऊन जिना चढू लागली.

वळणावर सासूबाई थबकल्या. "पुडा उचलला का गं त्यांनी? बघू का वाकून?"

"बघायचं नाही, आई."

खाली पुड्याचा कागद चुरचुरला.