मदरबोर्ड मीच बसवतो

आमच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, परवा न्या." एवढं मुकाट ऐकलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मी म्हणालो, "नुसता बोर्ड द्या. बसवतो मी." (याआधी मी घरात एक आरसा बसवलाय. भांग पाडताना सगळ्यांना मान डावीकडे कलती करावी लागते.)

बायको आर्किटेक्ट. एका दवाखान्याचा नकाशा त्याच कॉम्प्युटरमध्ये अडकलेला, आणि डॉक्टरीणबाई संध्याकाळी तो बघायला घरी येणार होत्या.

"अहो, जमेल ना नक्की?" तिनं विचारलं.

"त्यात काय आहे? जुना काढायचा, नवा लावायचा."

"दाढही तशीच बदलतात. पण घरी नाही बदलत."

मी ऐकलं नाही. बोर्ड बसवला. वायरी जिथं शिरतील तिथं खोचल्या, ज्या कुठंच शिरेनात त्या गुंडाळून आत कोंबल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले. मी विजयी मुद्रेनं मागे वळलो आणि पेटीतून आवाज आला. एक लांब पीऽऽप, दोन आखूड पिप. स्क्रीन काळाठिक्कर.

सासरे आमच्याकडे राहायला आले होते. निवृत्त तारमास्तर. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "डी."

"काय?"

"एक लांब, दोन आखूड. तारेत त्याचा डी होतो. तो काहीतरी सांगतोय, जावईबापू."

"बाबा, ही तार नाही. हा कॉम्प्युटर आहे."

"असेल. पण डीच म्हणतोय."

मी रॅम काढून परत घातली. डी. छोटी बॅटरी काढली, पुसली, घातली. डी. पेटीला प्रेमानं थोपटलं, मग जरा कमी प्रेमानं. डी.

"डी म्हणजे डोकं असेल का?" सासरे विचारात पडले.

"दुकान असेल," बायको आतून म्हणाली आणि तिनं सरळ दुकानदारालाच फोन लावला.

"लांब एक, आखूड दोन?" तो म्हणाला. "डिस्प्ले. ग्राफिक्स कार्ड नीट बसलं नसेल. बंद करून दाबून बघा."

सासऱ्यांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता.

कार्ड मी बसवलं होतं. अर्धं. दाबलं, कट् झालं, आणि स्क्रीन उजळला. नेमकी तेव्हाच बेल वाजली. डॉक्टरीणबाई आत आल्या आणि सगळ्यांबरोबर माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या. स्क्रीनवर लिहिलेलं होतं: या कॉम्प्युटरचे भाग बदललेले दिसतात. मालक तुम्हीच असल्याची खात्री पटवा. तुमच्या लग्नाची तारीख?

"सोपंच आहे की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी तारीख टाकली. उत्तर चुकलं.

"ती नव्हे," सासरे म्हणाले. "लग्न मी लावून दिलंय, मला विचारा." त्यांनी सांगितलेली टाकली. उत्तर चुकलं. आता एकच संधी शिल्लक होती.

"सरका," बायको म्हणाली. तिनं क्षणभर विचार केला आणि तिसरीच तारीख टाकली. कॉम्प्युटर उघडला.

"ही कुठली गं?" सासऱ्यांनी विचारलं. "माझीच बरोबर होती."

"तुमचीच बरोबर, बाबा. पण कॉम्प्युटर घेतला त्या वर्षी यांना वाटायचं, आमचं लग्न या तारखेला झालं. तीच यांनी यात भरून ठेवलेली. मघाशी टाकली ती यांची हल्लीची."

मी नकाशा उघडला आणि डॉक्टरीणबाईंना खुर्ची दिली. त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. मलाच त्या खुर्चीवर बसवलं, चष्मा लावला आणि हळू आवाजात विचारलं, "हे विसरणं साधारण कधीपासून सुरू झालं?"

मला आठवेना.